हवाई छत्रीचं ठिगळ

त्या तुराट्या जरा आत सरकवा रे, जाळ वर येऊ द्या. खळ्याची राखण करायला आलात, मग झोपायची घाई कशाला?

भुतं पाहिलीत का मास्तर, म्हणून मला विचारता. मी नाही पाहिली. पण भुतानं ज्याच्या हातातून वस्तू ओढून नेली, तो माणूस माझ्या ओळखीचा आहे आणि तुमच्याही. शेलूबाजारात कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसतो ना, तोच जगदेव शिंपी. तुमच्यातल्या निम्म्यांचे सदरे त्याच्याच हातचे आहेत. दोन वर्षांमागे तो शिवताना गाणी म्हणायचा. आता म्हणत नाही. त्याला जाऊन विचारू नका. मला त्यानं एकदाच सांगितलं.

तारीख ध्यानात ठेवा. सन सत्तावन्न, जानेवारीची तीस, बुधवार. पौषातली अमावास्या. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. जगदेव ताटावर बसणार तोच पोलीस शिपाई दारात आला. काम साधंच होतं. गोदामात जप्त करून ठेवलेला माल गोणपाटात शिवून द्यायचा. सकाळी सातच्या मोटारीनं तो चौकशीला आलेल्या साहेबाबरोबर जाणार, म्हणून रात्रीच शिवून त्यावर लाखेचा शिक्का बसायला हवा.

"दोन घंट्याचं काम हाय, जगदेवभाऊ," शिपाई म्हणाला. "दाभण न् सुतळी घेऊन चाल. कंदील आमचा."

जगदेवनं ताट तसंच बाजूला सारलं.  खुंटीवरचा कोट घातला, बापाच्या हातचं जुनं दाभण घेतलं. नाकाशी तांब्याची तार गुंडाळलेलं ते दाभण शेलूबाजारात सगळ्यांच्या ओळखीचं. गोण शिवायची म्हटलं की जगदेव तेच काढायचा.

जप्त माल म्हणजे एक हवाई छत्री, विमानातून उडी मारताना उघडतात ती. ती भानगड आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

गोपीचंद नावाचा एक इसम थंडीच्या दिवसांत गावोगाव हवाई खेळ घेऊन फिरायचा. अंगाला अत्तर, बोटांत चार अंगठ्या, आणि लढाईतलं मोडीत निघालेलं एक विमान. विमान चालवायला एक वैमानिक, आणि वरून उडी मारायला धनसिंग. धनसिंग आसेगावाकडच्या तांड्यातला. लढाईच्या वेळी पलटणीत होता, तिथंच उड्या मारायला शिकला. दारूच्या थेंबालाही शिवायचा नाही. आईला दिलेला शब्द होता तसा.

अशा खेळांना सरकारचे नियम असतात, पोरंहो. छत्री फाटली तर परवाना असलेल्या कारागिरानंच दुरुस्त करायची. छत्रीची घडी ज्यानं घातली त्यानंच वहीत सही करायची, म्हणजे काही झालं तर कुणाला विचारायचं ते कळतं. गोपीचंदाच्या दोन छत्र्या काठाला फाटल्या होत्या. कारागीर मुंबईला, आणि खेळ दोन दिवसांवर. त्यानं दोन्ही छत्र्या रात्रीच्या वेळी जगदेवच्या मशीनवर आणून टाकल्या. धनसिंगला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर तो विमानात चढलाच नसता.

जगदेवनं काठ शिवले. आणि मग त्याला दिसलं की दोन्ही छत्र्यांच्या डोक्यावर एकेक भोक आहे, पाण्याच्या पेल्याच्या तोंडाएवढं, गोल. कड दुमडून नीट टीप मारलेली. तेव्हा तरी माणसानं विचारावं की नाही? पण फाटकं दिसलं की शिंप्याचा हात थांबत नाही. त्याला वाटलं, कुण्या आळशानं ठिगळ लावायचा कंटाळा केला आणि नुसती कड दुमडून सोडून दिली. यानं मांजरपाटाची दोन गोल ठिगळं कापली आणि लावली. दुहेरी दोरा, तीन फेर टाके. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मागितले नाहीत. वर बायकोला म्हणाला, "असं शिवलं हाय, का माणूस फाटंन पण ठिगळ निघनार नाई."

सव्वीस जानेवारीला, शनिवारी, गावाबाहेरच्या पडीकावर सात-आठ हजार माणूस जमला. विमान वर गेलं. धनसिंगनं उडी घेतली. छत्री उघडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती झोके खाऊ लागली. एकदा इकडं, एकदा तिकडं, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. डोक्यापाशी टरकन फाटली, आणि माणूस हरभऱ्याच्या शेतात येऊन पडला.

पुढचं सांगताना मला अजून किळस येते. माणूस अजून गरम होता, आणि लोक छत्रीवर तुटून पडले. पांढरंशुभ्र, रेशमासारखं कापड! कुणाला पोलक्याला हवं, कुणाला बाळाच्या टोपड्याला. विळे काढले, दातांनी फाडलं. एक बाई रक्ताचा डाग टाळून कापायचा प्रयत्न करत होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

त्या झुंबडीत जगदेवही होता, कात्री घेऊन. लोकांना वाटलं, यालाही कापड हवं. त्याला हवं होतं ते ठिगळ. ते अर्धवट लोंबत होतं. त्याला वाटलं, आपले टाके उसवले आणि माणूस मेला. त्यानं ठिगळ भोवतीच्या कापडासकट गोल कापलं, घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात घातलं. बोटं ओली झाली होती. ती त्यानं हरभऱ्याच्या पाल्याला पुसली.

आणि गोपीचंद? त्यानं अंधार पडायच्या आत मेलेल्याच्या सदऱ्यावर मोहाच्या दारूची अर्धी बाटली ओतली. थू! वहीत धनसिंगच्या नावची खोटी सही तयार होती, की घडी मीच घातली, मीच तपासली; घडी घातली होती गोपीचंदानं. करून सवरून नामानिराळा.

मंगळवारी विमानखात्याचा साहेब चौकशीला आला. माणूस सच्चा होता. उन्हात स्वतः शेत मोजलं. वैमानिकाला विचारलं, उंची किती होती, विमानात माणसं किती, दार कुणी काढलं, तेल किती भरलं. विमानात दोष निघाला नाही. आणि गावात ज्याला विचारावं तो म्हणे, मी काही पाहिलं नाही, मी काही कापलं नाही.

तर बुधवारी रात्री जगदेव गोदामाशी आला, तेव्हा पायरीवर एक म्हातारी बसली होती. धनसिंगची आई, भुरीबाई. चार दिवस ती तिथून हलली नव्हती.

"शिंपीदादा," ती म्हणाली, "तू शिवून राह्यला काय ते?"

"हो, मावशी."

"साहेबाले सांग ना गा. मायं पोरगं पेत नव्हतं. सारे म्हनतात, बेवडा होता म्हनून मेला. आता दौलतसिंगाले नेलं त्या गोपीचंदानं, रिसोडले. माया पुतन्या हाय तो. आयतवारी तो उडी मारनार हाय."

"तो काहून गेला?"

"भावाचं नाव धुवाले. म्हने, मी उडी मारून दाखवतो, का आमी बेवडे नाई न् भित्रे बी नाई."

 जगदेव पायरी चढून आत गेला. रिसोड तिथून चाळीस मैल. गोपीचंदाचा डेरा सोमवारीच तिकडे हलला होता, आणि त्याच्याबरोबर दुसरी छत्री.

आत साहेब कंदिलाशी उभा होता. समोर उरलीसुरली छत्री पसरलेली. रक्त वाळून काळं झालं होतं, त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. वास असा की जगदेवनं धोतराचा सोगा नाकाला लावला.

"तुम्ही शिंपी ना?" साहेबानं विचारलं. "हे पाहा. डोक्यावरचं कापड कात्रीनं कापलंय, बाकीचं विळ्यानं. हे कुणी कापलं असेल?"

"सम्द्या गावानं कापलं, साहेब. कोनाकोनाचं नाव घ्यावं."

साहेबानं सुस्कारा टाकला. "मला संशय येतो की इथलं भोक कुणी तरी बंद केलं होतं."

"भोक?"

"प्रत्येक छत्रीला डोक्यावर भोक असतं. मुद्दाम ठेवलेलं. खाली कोंडलेली हवा तिथून निघून जाते. ते बंद केलं तर हवा कडेनं निसटते, छत्री झोके खाते आणि शेवटी फाटते. लोक सांगतात तशीच झोके खात होती. पण पुरावा नाही. पुरावा नसला तर मला चूक उडी मारणाऱ्याची लिहावी लागेल. आणि मग रविवारचा रिसोडचा खेळ मला थांबवता येत नाही."

एवढं बोलून साहेब अहवाल लिहायला शाळेत गेला, मुक्काम तिथंच होता. शिपाई म्हणाला, "मी जेवून येतो, भाऊ," आणि तोही गेला.

जगदेव एकटा राहिला. त्याला आता कळलं होतं. टाके उसवले म्हणून धनसिंग मेला नव्हता. टाके पक्के होते म्हणून मेला. आणि तसेच पक्के, तीन फेर टाके रिसोडला दुसऱ्या छत्रीत बसले होते. ठिगळ खिशात, साहेब दोनशे पावलांवर. उठायचं आणि सांगायचं, एवढंच काम. पण तुरुंग डोळ्यांपुढे आला, पाचावर धारण बसली, आणि त्यानं दाभणात सुतळी ओवली. मनाशी म्हणाला, रविवार अजून लांब हाय. मला विचाराल तर त्या रात्री गोदामात सगळ्यात जास्त घाण कसली असेल, तर त्या विचाराची.

छत्री घडी करून त्यानं गोणपाटात कोंबली. तोंड जुळवून शिवायला घेतलं. साडेआठ वाजले. दारं बंद होती. वारा नव्हता. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं.

आठ-दहा टाके झाले तेव्हा गोण फुगली.

आत हवा राहिली असेल, म्हणून त्यानं गुडघा देऊन दाबली. फुस्स... करून हवा निघाली. गोण बसली. त्यानं पुढचे टाके घातले. गोण पुन्हा फुगली. हळूहळू. झोपलेल्या माणसाची छाती फुगावी तशी.

त्यानं पुन्हा दाबली. या खेपेला गोणीनं गुडघ्याला जोर दिला.

त्यानं घाई केली. तोंड पुरतं शिवून टाकलं, गाठ मारली, कंदील जवळ घेतला. शिवणीच्या मधोमध एक भोक होतं. पेल्याएवढं, गोल.

चुकलं असेल म्हणून त्यानं ते शिवलं. तीन फेर. सुतळी ओढून पाहिली, पक्की होती. गाठ कापायला कात्री उचलली, वळून पाहिलं... भोक तिथंच. सुतळी तुटली नव्हती. उसवून बाजूला पडली होती, नीट गुंडाळलेली.

शिंप्यालाच कळतं असं उसवणं. एकही धागा न तोडता.

तिसऱ्यांदा शिवलं.  तिसऱ्यांदा उघडलं.

वरती आढं करकरलं. मग थांबलं. मग दुसऱ्या बाजूनं करकरलं. एकदा इकडं... एकदा तिकडं... काही तरी जड दोरीला लटकून झोके घेत असावं तसं. वर पाहिलं तर काही नव्हतं. कंदील स्थिर होता. भिंतीवरची सावली मात्र हलत होती. प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा.

"धनसिंगा..." जगदेव म्हणाला.

करकर थांबली.

भोकातून श्वास आला. गार. त्याला दारूचा वास नव्हता. ओल्या हरभऱ्याच्या पाल्याचा वास होता.

चौथ्यांदा शिवायचं त्याच्या मनात नव्हतं, असं तो सांगतो. हातच गेला म्हणे. दाभणाचं टोक भोकाच्या कडेला टेकवलं. आणि आतून... कुणी तरी... दाभण धरलं.

ओढलं नाही. नुसतं धरलं.

जगदेवनं सोडलं नाही. का, ते त्यालाही ठाऊक नाही. बापाचं दाभण होतं.

मग ते आत गेलं. सावकाश. बोटांमधून तांब्याची तार घासत.

 जगदेवनं गोण फाडली, उलटी केली, सगळं कापड झटकलं. प्रत्येक घडी पाहिली. खालची जमीन हातानं चाचपली. मुंग्या होत्या. दाभण नव्हतं.

...

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा भुरीबाई तशीच बसली होती. तिनं विचारलं, "शिवलं काय, दादा?" तो तिच्याशेजारी खालीच बसला. खिशातून ठिगळ काढलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"चार दिस झाले," ती म्हणाली. "चार दिस काहून लागले गा तुले?"

जगदेवनं ठिगळ पुन्हा उचललं.

ती त्याच्या कोटाची बाही धरून त्याला शाळेत घेऊन गेली. साहेब अहवालावर सही करायच्या बेतात होता. जगदेवनं ठिगळ टेबलावर ठेवलं. "साहेब, हे म्या शिवलं न् म्याच कापून नेलं. अजून एक हाय, रिसोडले." साहेबानं ठिगळ उजेडात धरलं, टाके मोजले. मग जगदेवकडे पाहिलं. पायाला घाण लागली तर माणूस पायाकडे पाहतो ना, तसं. लिहिलेला कागद टराटरा फाडला, चिठ्ठी खरडली आणि शिपायाला पोलिसांच्या मोटारीनं रिसोडला पाठवलं. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

पुढं जे व्हायचं ते झालं. साहेबानं अहवालात स्पष्ट लिहिलं की मृताचा दोष नाही, तो दारू प्यायलेला असल्याचा पुरावा बनावट आहे. शिपायानं तो मजकूर भुरीबाईला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा ऐकून ती उठली आणि तांड्याकडे चालू लागली. गोपीचंदाचा परवाना गेला, तो आत गेला. जगदेवही सहा महिने काढून आला. दौलतसिंग जिवंत आहे, शेती करतो. परवा बाजारात भेटला होता.

आता उरलं ते ऐका. शिपाई रिसोडला पोचला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्यानं गोपीचंदाला उठवलं, गावातले दोन पंच बोलावले. छत्री लोखंडी पेटीत होती. पेटीला कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाखेचा ठसा. सोमवारी इथून निघताना गोपीचंदानंच मारला होता, पुन्हा कुणी छत्री कापून नेऊ नये म्हणून. ठसा शाबूत होता. पंचांनी हात लावून पाहिला, तसं कागदावर लिहिलं. किल्ली गोपीचंदाच्या कमरेच्या करगोट्याला.

पेटी उघडली. छत्री घडी घातलेली होती. डोक्यावरचं भोक उघडं होतं. ठिगळ शेजारी ठेवलेलं होतं, चौघडी करून. टाक्यांचा दोरा सगळा काढलेला, एकाही ठिकाणी न तुटलेला.

गुरुवारी दुपारी शिपाई शेलूबाजारात परत आला. कागदाची पुडी उघडून जगदेवपुढे धरली. "पेटीत हे होतं. वळखतं काय?"

जगदेवनं हात लावला नाही. मला सांगताना त्याची मान खालीच होती. म्हणाला, "मास्तर, म्या साहेबाले सांगीन का नाई, याचा धनसिंगाले भरोसा नव्हता. त्यानं मायी वाट पाह्यली नाई."

पुडीत एक दाभण होतं. त्याच्यावर उसवलेला दोरा नीट गुंडाळलेला होता, आणि नाकाशी तांब्याची तार.